विश्लेषण : मे महिन्यातही खाडीत पाहुणे पक्षी कसे? ‘येथे पक्षी नाहीत’ हा निष्कर्ष अनेकदा का चुकतो?

हिवाळा संपला की स्थलांतरित पक्षी मायदेशी परततात, हे शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेले असते. ठाणे खाडीच्या काठावर एप्रिल-मे महिन्यातली एखादी भरती गाठली तर वेगळेच दृश्य दिसते. पाणी चढू लागते तसे चिखलावरचे शेकडो लहान पक्षी एकदम उठतात, हवेत वळसा घेतात आणि काठाजवळच्या उथळ पाणथळीत उतरतात. हिवाळ्यात राखाडी, मातकट दिसणाऱ्या त्यांच्यातल्या अनेकांचा रंग आता विटेसारखा तांबडा झालेला असतो. हे पक्षी अजून इथे काय करतात आणि कोणत्या पाणथळीत पक्षी ‘आहेत’ वा ‘नाहीत’ हे ठरवताना महिना आणि घड्याळ या दोन गोष्टी इतक्या महत्त्वाच्या का ठरतात, याचा हा आढावा.

‘हिवाळी पाहुणे’ हे नाव कितपत बरोबर?

फारसे बरोबर नाही. कर्ल्यू सँडपायपर या पक्ष्याचेच उदाहरण घ्या. चिमणीपेक्षा जेमतेम मोठा, साधारण ६० ग्रॅम वजनाचा, खाली वळलेल्या काळ्या चोचीचा हा पक्षी उत्तर सायबेरियातील टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो. तिथला उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा. जूनमध्ये बर्फ वितळते, कीटकांचा सुकाळ होतो, तेवढ्या काळात घरटे, अंडी आणि पिल्ले उरकावी लागतात. जुलैपासून परतीचा प्रवास सुरू होतो आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, हे पक्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हजर होतात. ते पुन्हा उत्तरेकडे निघतात ते एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये. थोडक्यात, वर्षातले आठ-नऊ महिने ते भारताच्या किनाऱ्यावर असतात आणि दोनेक महिने सायबेरियात. जो भाडेकरू नऊ महिने घरात राहतो त्याला पाहुणा म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

लिटल स्टिंट म्हणजे छोटा टिलवा, ग्रे प्लोव्हर, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर यांचे वेळापत्रकही थोड्याफार फरकाने असेच. सँड प्लोव्हर या चिखल्यांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढणारे लहान सँड प्लोव्हर बहुतांशी तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवर विणीसाठी जातात. पूर्वी ‘लेसर सँड प्लोव्हर’ या एकाच नावाने नोंदवला जाणारा हा पक्षी आता तिबेटन आणि सायबेरियन अशा दोन वेगळ्या जातींमध्ये विभागला गेला आहे. या साऱ्या पक्ष्यांचा मार्ग मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जातो. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा पट्टा ३० देशांतून जातो आणि भारत त्याच्या दक्षिण भागातला सर्वांत मोठा मुक्काम आहे.

निघण्याआधीचे आठवडे सर्वांत कठीण का?

मुंबईपासून उत्तर सायबेरियाचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सहा हजार किलोमीटरच्या पुढे आहे. वाटेत थांबे असतात, पण प्रत्येक टप्प्यासाठी इंधन आधीच भरावे लागते. हे इंधन म्हणजे चरबी. लांब पल्ल्याचे किनारी पक्षी निघण्याआधी अधाशासारखे खातात. बार-टेल्ड गॉडविटसारख्या जातीत उड्डाणाच्या वेळी शरीराचा जवळपास निम्मा भाग चरबीचा असतो. निघण्याच्या सुमारास पोट, आतडी असे पचनाचे अवयव आक्रसतात आणि उडण्याचे स्नायू वाढतात. उडताना लागणार नाही ते वजन कमी आणि लागेल ते जास्त, इतका साधा हिशेब. याच जातीच्या, बी-६ असा क्रमांक दिलेल्या जेमतेम पाच महिन्यांच्या पक्ष्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया हे १३ हजार ५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत न थांबता पार केले. पाठीवरच्या ट्रान्समीटरने त्याची नोंद झाली.

आपल्या खाडीत हे इंधन चिखलात दडलेले असते : किडे, लहान शिंपले, खेकड्यांची पिल्ले. सँडपायपर वर्गातले पक्षी ते डोळ्यांनी नव्हे, चोचीने शोधतात. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या असंख्य सूक्ष्म संवेदी पेशी असतात. ओल्या चिखलात चोच खुपसली की आत काही कठीण किंवा हलणारे आहे का, हे त्यांना कळते. म्हणूनच ते शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर खाली-वर करताना दिसतात आणि रात्रीही खाऊ शकतात. चिखल्यांची पद्धत उलटी. त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड. थोडे धावायचे, थबकायचे, पाहायचे, टिपायचे. खाडीवर प्रथमच जाणाऱ्याला सगळे पक्षी सारखेच राखाडी वाटतात. रंगाकडे दुर्लक्ष करून ही खाण्याची लकब पाहिली तर निम्मी ओळख तिथेच पटते.

या आठवड्यांत पक्ष्यांना वारंवार उडावे लागले तर दुहेरी तोटा होतो. साठवलेली चरबी जळते आणि खाण्याचा वेळ जातो. पुरेसे वजन न भरता निघालेला पक्षी वाटेत पडू शकतो, किंवा पोहोचूनही त्या वर्षी विणीला मुकतो. जानेवारीत एखादा थवा उठवणे आणि मेमध्ये उठवणे यात म्हणूनच मोठा फरक आहे.

मेनंतरही जे जात नाहीत ते कोण?

जूनमध्येही खाडीवर काही कर्ल्यू, व्हिंब्रेल, गॉडविट, ग्रे प्लोव्हर रेंगाळताना दिसतात. हे जखमी किंवा वाट चुकलेले असतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतले बरेच मागच्या वर्षी जन्मलेले, अद्याप विणीचे वय न झालेले पक्षी असतात. मोठ्या आकाराच्या किनारी पक्ष्यांमध्ये पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला न जाता हिवाळी मुक्कामीच राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रवासाचा धोका पत्करून तिकडे जाण्यात त्यांचा काहीच फायदा नसतो. तेव्हा खाडीला ‘बंद हंगाम’ असा नसतोच. पुढच्या पिढीतले पक्षी पावसाळाही इथेच काढतात.

भरती-ओहोटीचा यात काय संबंध?

या विषयातला सर्वांत कमी समजला गेलेला आणि सर्वांत जास्त परिणाम करणारा मुद्दा हाच. किनारी पक्ष्यांचा दिवस सूर्यावर नव्हे, चंद्रावर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते खातात. भरतीला चिखल पाण्याखाली जातो. या पक्ष्यांना बदकांसारखे पाण्यावर तरंगत राहता येत नाही. पाय बुडतील एवढ्या उथळ पाण्यात किंवा कोरड्यावर त्यांना तीन-चार तास उभे राहून विश्रांती घ्यावी लागते. जागाही अशी हवी की आजूबाजूला उंच झाडी नसेल, शिकारी पक्षी वा कुत्रा दुरून दिसेल आणि ती खाण्याच्या चिखलापासून फार दूर नसेल.

म्हणजे त्यांना एक नव्हे, दोन घरे लागतात. पहिले खाडीतला चिखल. दुसरे खाडीकाठची उथळ तळी, मिठागरे, मोकळी पाणथळ. दुसरे घर नसेल तर पहिले असून उपयोग नसतो. भरतीच्या काळात पक्षी एकतर हवेत घिरट्या घालत राहतात किंवा लांबच्या जागी जातात आणि दिवसातून दोनदा ही फेरी मारण्यात कमावलेली चरबी खर्च करतात.

आता संरक्षण कशाला मिळाले आहे ते पाहू. ठाणे खाडीतील सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात कांदळवन आणि पाण्याचा भाग येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातले हे तिसरे रामसर स्थळ. कांदळवनांच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने चाप बसला आहे आणि वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे. पक्ष्यांचे पहिले घर, म्हणजे खाडीचा मुख्य भाग, यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित आहे. अडचण दुसऱ्या घराची आहे. भरतीच्या जागा बहुतेक अभयारण्याच्या रेषेबाहेर, शहराला लागून, म्हणजेच जमिनीचे भाव सर्वाधिक असलेल्या पट्ट्यात आहेत.

मग ‘येथे पक्षी नाहीत’ असे कागदावर कसे येते?

अगदी प्रामाणिकपणे येऊ शकते. नेरुळ, भांडुप किंवा उरणच्या एखाद्या पाणथळीवर ओहोटीच्या वेळी गेले तर तिथे दोन-चार बगळे, एखादा शेकाट्या आणि फिरती कुत्री एवढेच दिसेल. पक्षी त्या वेळी दोन किलोमीटरवर चिखलात खात असतात. चार तासांनी तीच जागा भरून जाते. त्याचप्रमाणे पाहणी जून-जुलैमध्ये केली तर थव्यांतले बहुतेक पक्षी सायबेरियात असतात. दुपारी साडेबाराच्या ओहोटीला, जून महिन्यात काढलेले छायाचित्र कोणत्याही पाणथळीला ओसाड ठरवू शकते. पाहणी अहवालात तारीख असते. भरतीची वेळ मात्र क्वचितच असते, आणि या पक्ष्यांच्या बाबतीत तारखेइतकीच ती नोंद मोलाची आहे.

पक्ष्यांच्या गणनेचे वेळापत्रकही याला हातभार लावते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होत आली आहे आणि ती जानेवारीत होते. तिचे मोल मोठे आहे, पण ती वर्षातल्या एका महिन्याचे चित्र देते. एप्रिल-मेमध्ये इंधन भरण्यासाठी किंवा ऑगस्टमध्ये पहिला मुक्काम म्हणून एखादी जागा किती वापरली जाते, हे त्यातून कळत नाही.

त्यात कायद्याची व्याख्या आडवी येते. पाणथळ संवर्धन आणि व्यवस्थापन नियम २०१७ नुसार मीठ उत्पादन, मत्स्यशेती, सिंचन, मनोरंजन यांसाठी खास तयार केलेल्या रचना ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे मिठागर हे कायद्याच्या लेखी पाणथळ नाही. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र उथळ पाणी, मोकळे बांध आणि माणसांची कमी वर्दळ असलेले मिठागर ही भरतीच्या विश्रांतीसाठी जवळपास आदर्श जागा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला. द्रुतगती मार्गाच्या अलीकडे असलेल्या या जमिनींवर आता समुद्राचे पाणी येतच नाही, असा युक्तिवाद प्रकल्पाच्या बाजूने केला जातो. पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप पूर आणि पाणथळ अशा दोन्ही अंगांनी आहे. घरांची गरज खोटी नाही. पण पाणी ‘येत नाही’ आणि पाणी ‘येऊ दिले जात नाही’ या दोन स्थितींमधला फरक प्रत्येक जागेवर जाऊन तपासावा लागतो, सरसकट विधान करून तो मिटत नाही.

हा फरक नवी मुंबईने पाहिला आहे. नेरुळचा सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव फ्लेमिंगोंची भरतीची जागा. त्यात येणारा भरतीच्या पाण्याचा मार्ग अडला, तलाव कोरडा पडू लागला आणि शेवाळ साचले. २०२४ मध्ये या परिसरात फ्लेमिंगोंचे मृत्यू झाल्यावर राज्य सरकारने समिती नेमली आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. भरतीची जागा म्हणून एखाद्या शहरी तलावाला असे संरक्षण मिळणे ही महत्त्वाची गोष्ट आहे. मात्र तलावाला दर्जा मिळणे आणि त्यात दिवसातून दोनदा पाणी येणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम नाल्याचे, झडपेचे, गाळ काढण्याचे आहे आणि ते दरवर्षी करावे लागते. उरणच्या पाणजे पाणथळीबाबतही भरतीचे पाणी अडवले जात असल्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत आहेत.

फ्लेमिंगोंमुळे बाकीचे पक्षी झाकोळले जातात का?

काही प्रमाणात, होय. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने दिसू लागलेले रोहित अर्थात फ्लेमिंगो मुंबईची ओळख बनले. ऐरोलीची बोट सफर त्यांच्यासाठीच भरते. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर वाढणारे शेवाळ हे त्यांच्या इथल्या मुक्कामाचे एक मोठे कारण मानले जाते, हे थोडे अवघडल्यासारखे सत्य आहे. त्यातले बहुसंख्य पावसाच्या तोंडावर गुजरातकडे जातात. कच्छचे रण हे त्यांचे विणीचे ठिकाण. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरत्या प्रवासी विमानाला धडकून जवळपास ४० फ्लेमिंगो मरण पावले, तेव्हा हे पक्षी रात्रीही जागा बदलतात आणि मे महिन्यात ते अजून इथेच असतात, या दोन्ही गोष्टी शहराला एकाच दिवशी कळल्या.

गुलाबी रंगाचा एक फायदा असा की त्याच्या आडोशाने बाकीच्यांनाही जागा मिळते. अभयारण्याच्या नावात फ्लेमिंगो आहे, पण चिखल सगळ्यांचा आहे. तोटा असा की फ्लेमिंगो दिसले नाहीत तर जागा रिकामी समजली जाते. ६० ग्रॅमचा मातकट पक्षी मोबाइलच्या कॅमेऱ्यात येत नाही.

परिस्थिती किती गंभीर आहे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत १६ जातींच्या स्थलांतरित किनारी पक्ष्यांना आधीपेक्षा अधिक धोक्याच्या गटात टाकण्यात आले. त्यात कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लोव्हर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर हे तिघे आता ‘असुरक्षित’ गटात आहेत. ग्रे प्लोव्हर त्याआधी ‘चिंता नाही’ या गटात होता. मधली पायरी न थांबता तो थेट दोन पायऱ्या घसरला. डनलिन आणि रडी टर्नस्टोन ‘धोक्याजवळ’ पोहोचले. ही नावे दूरदेशीची वाटली तरी हे पाचही पक्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नोंदले जातात. त्यातले पहिले दोन तर ठाणे खाडीचे नेहमीचे रहिवासी.

देशपातळीवरचे चित्रही असेच आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य देण्यात आले. लांब पल्ल्याचे स्थलांतर करणारे पक्षी, त्यातही किनारी पक्षी, अधिक वेगाने घटत असल्याचे त्यात नमूद आहे. या अहवालाचा पाया सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर भरलेल्या नोंदी हा होता. सरकारी यंत्रणेकडे एवढी माणसे नाहीत. म्हणून मे महिन्यात, भरतीच्या वेळेसह केलेली एक साधी नोंद पुढे एखाद्या पाणथळीच्या सुनावणीत उपयोगी पडू शकते.

किनाऱ्यापासून दूर उन्हाळ्यात काय पाहायला मिळते?

खाडीवरचे पक्षी निघण्याच्या तयारीत असतात तेव्हा माळ आणि धरणांवरचे स्थानिक पक्षी ऐन विणीत असतात. टिटवी, माळटिटवी, धाविक, शेकाट्या, नदी सुरय हे सारे जमिनीवर अंडी घालणारे. घरटे म्हणजे मातीत केलेला उथळ खळगा आणि भोवती चार खडे. अंडी मातीच्याच रंगाची, त्यामुळे दोन फुटांवरूनही दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, हा शेतकऱ्यांचा आडाखा राज्यभर ऐकायला मिळतो.

विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या पक्ष्यांचे काम अंडी उबवण्याचे नसून थंड ठेवण्याचे असते. टिटवी, शेकाट्या आणि सुरय जवळच्या पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात, किंवा नुसती सावली धरून उभे राहतात. अशा वेळी छायाचित्रासाठी कुणी दहा मिनिटे घरट्याजवळ उभे राहिले, तर पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत राहतो आणि अंडी उन्हात भाजतात. हौशी निरीक्षकाच्या हातून नकळत होणारे हे सर्वांत मोठे नुकसान.

नदी सुरयचा प्रश्न आणखी बिकट. हा पक्षी आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ आहे. तो नदीपात्रातल्या आणि धरणांतल्या बेटांवर वसाहतीने घरटी करतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे, गुरे थेट आत येतात. उलट वळवाच्या पावसाने किंवा वरच्या धरणातून पाणी सोडल्याने पातळी अचानक चढली, तर एका रात्रीत सारी अंडी वाहून जातात. वाळू उपसा ही त्यावरची आणखी भर.

मेच्या अखेरीस जंगलपट्ट्यात नवरंग येतो, पावशाचा धोशा वाढतो, आणि आफ्रिकेतून येणारा चातक पावसाच्या पुढे-मागे दाखल होतो. एका दिशेचे प्रवासी निघतात त्याच सुमारास दुसऱ्या दिशेचे पोहोचतात.

पाहायला जायचे तर कधी आणि कसे?

खाडीवर जाण्यासाठी घड्याळापेक्षा पंचांग कामाचे. मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यावर कोळी बांधव वापरतात तो आडाखा असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो आणि दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा चढते. अचूक वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाइल अॅपवर मिळतेच, पण सहल ठरवताना तिथी पुरते.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चिखल पूर्ण बुडतो आणि सारे पक्षी काठाकडे येतात, पण तेव्हा भरती भर दुपारी बाराच्या आसपास असते. मे महिन्यात ते ऊन पक्ष्यांपेक्षा माणसालाच बाधते, शिवाय तापलेल्या हवेत दुर्बिणीतून सारे हलताना दिसते. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढते, त्यामुळे पक्षी लांबच राहतात. म्हणून उन्हाळ्यात दशमी ते द्वादशी या तिथी सोयीच्या. सकाळी भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचले की पाण्याबरोबर सरकत जवळ येणारे थवे दिसतात. ऊन पाठीमागे राहील अशी जागा निवडावी. त्यासाठी खाडीच्या पूर्वेकडचा, नवी मुंबईचा काठ सकाळी सोयीचा पडतो.

ठिकाणे ओळखीची आहेत. भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर, ऐरोलीचे किनारी जैवविविधता केंद्र, शिवडीचा धक्का, नेरुळच्या पाणथळी, अलिबागजवळचा आक्षीचा किनारा. गोव्यात मोरजीची पुळण चिखल्यांसाठी आणि कुरव-सुरयांसाठी चांगली. काही ठिकाणी प्रवेशाची परवानगी लागते, ती आधी पाहून घ्यावी. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते.

चिखलात उतरू नये. थवा एका दिशेला माना वर करून उभा राहिला, की तो उडण्याच्या बेतात आहे, तिथेच थांबावे. ड्रोन उडवून किंवा बोट थव्यात घालून फ्लेमिंगोंना उडवायला लावणारे रील आवडले तरी पुढे पाठवू नये. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. नोंद ईबर्डवर भरताना वेळ आणि शक्य असेल तर भरतीची स्थिती लिहावी. मेच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो, त्या सुमारास जगभरातून एकाच दिवसाच्या नोंदी जमा होतात.

यंदाचे निघालेले पक्षी परत पाहायचे असतील तर हिवाळ्यापर्यंत थांबण्याची गरज नाही. कर्ल्यू सँडपायपरमध्ये पिल्लांची जबाबदारी मादी घेते, त्यामुळे नर आधी परततात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात छत्री घेऊन खाडीवर गेल्यास अंगावर विणीचा तांबडा रंग शिल्लक असलेले काही नर दिसू शकतात. माद्या त्यांच्यामागून येतात. पिल्ले सर्वांत शेवटी पोहोचतात, आणि तीही आईबापांशिवाय, आधी कधीच न पाहिलेल्या वाटेने.